नावनिशीवार त्रिपुरी

त्रिपुरीचा सर्वांत वाचनीय दगड त्रिपुरीत नाही. जबलपूरजवळ भेडाघाटला मिळालेला हा शिलालेख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाच्या हाती लागला. हॉल त्या काळात सागर-नर्मदा मुलखात शिक्षणखात्याचा निरीक्षक होता. त्याने तो लेख वाचला, छापला आणि दगड न्यू हेवनच्या अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला देऊन टाकला. नर्मदाकाठच्या एका विधवा राणीने आपल्या देवळासाठी कोरवून घेतलेली अक्षरे अशी समुद्रापार गेली. सुदैवाने त्यांचे ठसे निघाले. कीलहॉर्नने ते ‘एपिग्राफिया इंडिका’त पुन्हा संपादित केले आणि १९५५ साली म. म. वासुदेव विष्णू मिराशींनी कलचुरींच्या शिलालेख-ताम्रपटांचा जो दोन भागांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात त्यांना हक्काची जागा मिळाली. दगड परदेशी असला, तरी पाठ आपल्यापाशी आहे.

त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर. जबलपूरहून भेडाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर हे खेडे आहे. भेडाघाटला निघालेल्या गाड्या इथे क्वचितच थांबतात. सगळ्यांना संगमरवरी खडक आणि धुवाँधार धबधबा गाठायचा असतो. तेवरला पाहण्यासारखे काय, तर बालसागर तलाव, पिकांमध्ये उंचावलेली मातीची टेकाडे, त्रिपुरसुंदरीचे देऊळ, आणि झाडाखाली खेरमाईच्या ठाण्यावर शेंदूर लावून मांडलेले मूर्तींचे तुकडे. एवढ्यावर एका राजधानीची कल्पना करणे अवघड आहे. पण त्रिपुरीला एक विलक्षण सवय होती: ती आपल्या वस्तूंवर नावे घालायची. नाण्यावर, मूर्तीच्या पीठावर, देवळाच्या भिंतीत, सगळीकडे चित्राच्या जोडीला अक्षर. इमारती गेल्या तरी ही नावे उरली, आणि त्यांच्यावरून हे नगर आजही वाचता येते. मला त्रिपुरी आवडते ती यासाठी.

सवय जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या इथल्या तांब्याच्या नाण्यांवर ब्राह्मी लिपीत ‘तिपुरी’ एवढेच लिहिलेले आढळते. राजाचे नाव नाही, नगराचे आहे. पुढे सातवाहनांची नाणी आली, मग ‘बोधि’ हा शेवट असलेल्या नावांच्या राजांची. श्रीबोधि, वसुबोधि, चंद्रबोधि, शिवबोधि. इसवी सन ५१८ च्या बैतूल ताम्रपटात परिव्राजक राजा संक्षोभ त्रिपुरी विषयात, म्हणजे जिल्ह्यात, दान देतो. सातव्या शतकाच्या सुमारास कलचुरी माहिष्मतीकडून वर सरकले, आणि पुढची पाचशे वर्षे डाहल देशाची राजधानी म्हणून त्रिपुरी भरभराटीत राहिली. अल्-बिरुनीने १०३० च्या आसपास हिंदुस्थानातले मार्ग लिहून काढले, त्यात डाहलची राजधानी ‘तिऔरी’ आणि राजा गांगेय अशी नोंद आहे. म्हणजे आजच्या तेवरचा उच्चार तेव्हाच लोकांच्या तोंडी बसला होता.

या गांगेयदेवाचे सोन्याचे नाणे हातात घेऊन पाहावे असे आहे. एका बाजूला तीन ओळींत ठसठशीत नागरीत त्याचे नाव, ‘श्रीमद्’ लावून. दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसलेली चतुर्भुज लक्ष्मी. लक्ष्मीचा चेहरा जवळजवळ अमूर्त आहे. काही ठिपके, काही वळणाच्या रेघा. मूर्ती संक्षिप्त आणि अक्षर सविस्तर असा हा तोल आहे. हे नाणे इतके चालले की चंदेल, गाहडवाल अशा उत्तरेतल्या अनेक राजवंशांनी तोच साचा उचलला, आणि मुहम्मद घोरीनेही लक्ष्मी तशीच ठेवून मागे नागरीत आपले नाव घातले. त्रिपुरीच्या टांकसाळीने उत्तर हिंदुस्थानाला शिकवलेली ही मांडणी होती.

वास्तूंच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. तेवरला लागूनच करणबेल म्हणून जागा आहे. गांगेयाचा मुलगा कर्ण याने वसवलेल्या कर्णावतीशी तिचा संबंध जोडतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम १८७३ नंतर इकडे आला तोवर करणबेलचे घडीव दगड रेल्वेच्या कंत्राटदारांनी उचलून नेलेले होते. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता हे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले, आणि त्या कामाला दगड हवा होता. साडेसहाशे वर्षे रान माजलेल्या नगराचा असा खाणीसारखा वापर झाला. आपण त्या मार्गावरून नर्मदा ओलांडतो तेव्हा त्रिपुरीच्या जोत्यांचा काही अंश कुठेतरी रुळांच्या आधाराला असेल, हा विचार मला बेचैन करतो.

आता त्या भेडाघाटच्या लेखाकडे वळू. कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इसवी सन ११५५. राजा नरसिंह गादीवर आहे. लेख त्याच्या आईचा, अल्हणदेवीचा. ती मेवाडच्या गुहिल विजयसिंहाची मुलगी, आणि माळव्याच्या उदयादित्य परमाराची नात. नवरा गयकर्ण वारला आहे. तिने शिवाचे देऊळ बांधले, शेजारी मठ, व्याख्यानशाळा आणि बागा केल्या, खर्चासाठी दोन गावे तोडून दिली आणि कारभार लाट देशातल्या रुद्रराशी नावाच्या पाशुपत आचार्याकडे सोपवला. देवळाबरोबर व्याख्यानशाळा ही कल्पना राणीची की आचार्यांची, कुणाची का असेना, नदीकाठच्या त्या टेकडीवर शास्त्रावर बोलणाऱ्यांसाठी छप्पर घातले गेले होते, हे वाचून मन भरून येते.

प्रशस्ती रचली शशिधराने. अशा लेखांचे सुरुवातीचे आशीर्वादाचे श्लोक अभ्यासक भराभर ओलांडतात, कारण त्यांत इतिहास नसतो. इथे तसे करू नये. दुसऱ्याच श्लोकात शशिधर शिवाच्या मस्तकावर खेळणाऱ्या गंगेच्या लाटा दाखवतो. त्या सरळ दाखवत नाही. देवलोकातले बघे त्या पांढऱ्या हलत्या रेषांकडे पाहून तर्क करताहेत: या कुमुदांच्या माळा असतील? चंद्राच्या कला? पुण्यकर्मांना फुटलेले कोंब? सापांनी टाकलेल्या काती? की अंगावरच्या भस्माचे उमाळे? आणि मग अखेरीस कवी म्हणतो, या लाटा म्हणजे पुण्याच्या पाणपोया, त्या तुमचे रक्षण करोत.

संदेह अलंकार संस्कृतात ढिगाने सापडतो. इथली गंमत त्या तर्कांच्या क्रमात आहे. फुले, मग चंद्र, मग अंकुर. इथवर सगळे कोमल. चौथ्या तर्काला सापाची कात येते आणि अंगावर शहारा येतो. पाचव्याला भस्म. म्हणजे सौंदर्याकडून निघालेली नजर हळूहळू स्मशानवासी शिवापर्यंत येऊन ठेपली. पाचांपैकी तीन तर्क तर शिवाच्याच अंगाखांद्यावरचे आहेत: चंद्र त्याचा, साप त्याचे, भस्म त्याचे. देवांना शंका पडते, पण ती शंका शिवाच्या घराभोवतीच घुटमळते. आणि एवढ्या दिमाखानंतर शेवटी पाणपोई! रस्त्याच्या कडेला वाटसरूला पाणी पाजणारी, अगदी साधी, लोकोपयोगी वस्तू. राणीने जे केले तेही याच जातीचे काम होते, आणि कवीला ते ठाऊक होते.

त्यात भेडाघाटची जागा लक्षात घ्या. श्लोकात गंगा आहे, पण तो कोरून बसवला नर्मदेवर, जिथे ती पांढऱ्याशुभ्र डोलोमाइटी संगमरवराच्या घळईतून जाते. वरून धुवाँधारचे तुषार उडतात, खाली कड्यांची सावली पाण्यात मोडत जाते. तिथे उभे राहिले की पांढरे हलते आहे ते पाणी, की दगड, की धुके, असा संभ्रम आपल्यालाही पडतो. शशिधराने तर्कांची ती माळ डोळ्यांनी पाहूनच ओवली असावी, असे मला वाटते. याला पुरावा काही नाही; ज्याने नावेतून ती घळई पाहिली आहे त्याला मात्र हे पटेल.

पुढे राजांच्या वर्णनात कर्णाचा श्लोक येतो, आणि तिथे शशिधराचा दुसरा स्वभाव दिसतो. कर्णाच्या धाकाने पांड्याने उग्रपणा सोडला, मुरलाने गर्व, कुंग वळणावर आला, वंग कलिंगासह कापू लागला, कीर पोपटासारखा पिंजऱ्यात बसून राहिला, हूणाचा हर्ष मावळला. नकाशा म्हणून या श्लोकावर विसंबू नये. तो कानाने घ्यायचा आहे. प्रत्येक राजाला त्याच्या नावाच्याच ध्वनीतून शिक्षा सुनावली आहे. कांगड्याकडचा कीर तर आपल्या नावामुळेच पक्षी झाला. हूणाचा हर्ष मावळला म्हणणाऱ्या शशिधराला हे नक्की माहीत असणार, की कर्णाची राणी आवल्लदेवी हूण कुळातलीच होती. कर्णाच्या दरबारचा कवींना मोह होता. काश्मीरचा बिल्हण कल्याणीला जाण्याआधी इथे राहून गेला आणि इथल्या गंगाधर कवीला वादात जिंकल्याचे त्याने आपल्या काव्यात नमूद केले आहे. शशिधर त्या पिढीनंतरचा, पण दरबारी खणखणाट त्याला चांगलाच साधला आहे. तरीही मला विचाराल तर पाणपोयांचा श्लोक कर्णाच्या श्लोकाहून कितीतरी वरचा.

आणि शेवटी सह्या आहेत. रचणारा शशिधर, लिहिणारा त्याचा भाऊ पृथ्वीधर, देवळाची आखणी करणारा सूत्रधार पीठे, अक्षरे कोरणारा बालसिंहाचा मुलगा महीधर. राणीच्या दानाच्या कागदपत्रात छिन्नी धरणाऱ्याचे नाव बापाच्या नावासकट आले आहे. आपल्याकडे किती बुलंद देवळे आणि वाडे उभे आहेत, ज्यांच्या गवंड्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. त्रिपुरीत ही नोंद ठेवण्याचा शिरस्ता होता.

भेडाघाटच्या टेकडीवर पायऱ्या चढून गेले की चौसष्ट योगिनींचे गोलाकार आवार लागते. हे अल्हणदेवीच्या आधीचे, दहाव्या शतकातले. आतला व्यास सुमारे ११६ फूट. कडेने ओवऱ्यांची सलग रांग, ८४ खांबांनी विभागलेली. त्यांतल्या तीन जागा वाटेसाठी सोडल्या तर मूर्तींसाठी ८१ खण उरतात. नाव चौसष्टचे, मांडणी ८१ ची. ८१ योगिनींच्या उपासनेची वेगळी, राजघराण्यांशी निगडित परंपरा होती, याकडे विद्या देहेजिया यांनी लक्ष वेधले आहे. ओडिशातले हिरापूरचे योगिनीमंदिर याच्यापुढे फारच लहान. तिथल्या योगिनी उभ्या आहेत आणि त्यांच्याखाली नावे नाहीत. इथल्या बहुतेक बसलेल्या आहेत, एक पाय खाली सोडून, ऐसपैस, आणि पीठावर वाहन कोरून वर नागरीत नाव घातलेले.

या मूर्तींचे हात तुटले आहेत, चेहरे फोडले आहेत, स्तनांवर घाव आहेत. रसिकाने इथे काय पाहायचे, असा प्रश्न पडू शकतो. मी खालून वर पाहतो. आधी पीठावरचे नाव, मग वाहन, मग बैठक, मग उरलेले शरीर. मगरीवर जाह्नवी. कासवावर यमुना. डुकराच्या तोंडाची वाराही, सिंहाच्या तोंडाची सिंहसिंहा. महिषाला मारणारी देवी इथे तेरम्बा नावाने बसली आहे. फणेन्द्री, इंद्रजाली, दर्पहारी, सर्वतोमुखी, स्थिरचित्ता, अंतकारी. यातली निम्मी नावे कुठल्याही पुराणात शोधून मिळत नाहीत. ही स्थानिक यादी आहे, एका नगराने आपल्यापुरती ठरवलेली शक्तींची हजेरीपट्टी. चेहरा फुटलेल्या देवीखाली ‘स्थिरचित्ता’ वाचले की तिची बैठक एकदम कळू लागते: ताठ पाठ, मांडीचा भरीव उतार, तुटूनही न ढळलेला तोल. नाव नसते तर तो एक भग्न दगड वाटला असता.

शिल्पकाराचे कसब दागिन्यांत फार दिसते असे लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. मेखलेच्या लडी मांडीवर कशा ओघळतात ते पाहावे. पण मला त्याहून मोठे वाटते ते वजन. या स्त्रिया जागा व्यापून बसल्या आहेत. खजुराहोच्या सुंदरींसारख्या त्या कमनीय वळत नाहीत, कुणासाठी आरशात पाहत नाहीत, काटा काढत नाहीत. सगळ्या तोंडे आत करून बसल्या आहेत, डोक्यावर छप्पर फक्त ओवरीपुरते, मधले आवार आभाळाला उघडे. आत पाऊल टाकणारा एकटा पडतो आणि चहूबाजूंनी ८१ जणींच्या नजरेत येतो. पाहणारा आपण नव्हे, पाहिले जाणारे आपण, ही उलटापालट या वर्तुळाची खरी करामत आहे. चौकोनी देवळात ती साधत नाही. त्यांच्यात चार नाचत्या मूर्ती तांबूस वालुकाश्मातल्या, कितीतरी जुन्या. त्यांना कुठल्यातरी आधीच्या ठाण्यावरून आणून या पंक्तीत बसवले असावे.

हे वर्तुळ कुणाचे, यावर मिराशींसह अनेकांनी शैव मठांची साखळी पुढे आणली. युवराजदेव पहिला (सुमारे ९१५–९४५) याने मत्तमयूर परंपरेचे शैव आचार्य डाहलात आणून बसवले. त्यांच्या गोलकी मठाचे नाव या गोल आवाराशी जोडले जाते. या मठाची कीर्ती किती दूर गेली पाहा: आंध्रात गुंटूरकडे मल्कापुरम् इथे काकतीय राणी रुद्रांबेच्या काळातला १२६१ चा स्तंभलेख आहे, आणि त्यात भागीरथी आणि नर्मदेमधल्या डाहल देशाची, युवराज राजाने सद्भावशंभू आचार्यांना दिलेल्या तीन लाख गावांची आणि त्यांनी स्थापलेल्या गोलकी मठाची हकिगत कोरलेली आहे. तो लेख कोरला गेला तेव्हा कलचुरींची सत्ता संपून अर्धे शतक होत आले होते. राजधानी मोडली, आणि तिच्या मठाची परंपरा कृष्णेकाठी शाळा आणि प्रसूतिगृह चालवत होती.

याच युवराजदेवाच्या दरबारात राजशेखराने ‘विद्धशालभंजिका’ ही नाटिका सादर केली. राजशेखर आपल्याला परका नाही. त्याचा पणजा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. नाटिकेचा नायक कलचुरी राजा विद्याधरमल्ल. त्याला स्वप्नात एक मुलगी दिसते आणि जागेपणी क्रीडामंडपात तिचीच कोरीव मूर्ती दिसते. खरी मुलगी मृगांकावली लाटच्या राजाने मुलगा म्हणून वेष देऊन याच अंतःपुरात पाठवलेली आहे. राणी थट्टेने राजाचे लग्न त्या ‘मुलाशी’ लावून देते आणि थट्टा अंगाशी येते. कथानक तसे बेताचे आहे. पण ज्या नगरात दगडातल्या स्त्रियांची पंगत भरायची, तिथल्या प्रेक्षकांपुढे मूर्तीच्या प्रेमात पडणारा राजा उभा करणे, यात राजशेखराची नगराची पारख दिसते. शेवटच्या अंकात सेनापतीचे पत्र येते: पयोष्णीच्या काठी लढाई झाली, कर्णाटाच्या सैन्याचा पराभव झाला. पयोष्णी म्हणजे आपली वऱ्हाडातली पूर्णा, आणि ही लढाई अचलपूरच्या परिसरात झाली, असे मिराशींनी मांडले. राष्ट्रकूट अमोघवर्ष तिसरा हा युवराजदेवाचा जावई. त्याला गादी मिळवून देण्याच्या राजकारणाची सावली या प्रणयनाट्यावर पडलेली आहे.

त्रिपुरी उलगडणाऱ्यांत दोन नावे आपल्याकडची. मिराशी मूळचे देवगड तालुक्यातल्या कुवळ्याचे आणि कर्माने नागपूरचे. कलचुरी ज्या संवतात तारखा घालत तो इसवी सन २४८-४९ चा शक नाशिककडच्या आभीर राजा ईश्वरसेनापासून निघाला, हे त्यांनी सप्रमाण सांगितले. म्हणजे अल्हणदेवीच्या लेखातली ९०७ वर्षे गोदावरीच्या परिसरातून मोजायला सुरुवात झालेली आहेत. दुसरे नाव मोरेश्वर गंगाधर दीक्षितांचे. १९५२ मध्ये सागर विद्यापीठातर्फे त्यांनी तेवरला खणले आणि कलचुरींच्याही हजारभर वर्षे आधीच्या वस्तीचे थर उघडे केले. पुढे वर्धेकाठचे कौंडिण्यपूर खणले तेही त्यांनीच. नदीकाठी मिटून गेलेल्या नगरांना या माणसाने आयुष्य दिले, आणि मराठी वाचकाला त्याचे नाव फारसे ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्रिपुरीची सत्ता गेली, मागून गोंडांचे गढा उदयाला आले आणि माणसांचा ओघ तिकडे वळला. त्यानंतर त्रिपुरीचे नाव देशभर गाजले ते एकदाच, मार्च १९३९ मध्ये. काँग्रेसचे अधिवेशन नर्मदाकाठी उभारलेल्या तात्पुरत्या नगरात भरले, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले होते, आणि मिरवणुकीला ५२ हत्ती होते. जबलपूरच्या बाजारातली कमानिया गेट ही त्याची आठवण. अधिवेशनाला ठिकाणाचे नाव जबलपूर न देता त्रिपुरी दिले गेले, त्याअर्थी त्या नावाचे वजन तेव्हाही लोकांना वाटत होते.

योगिनींच्या आवारातच गौरीशंकराचे देऊळ आहे. आत शिव आणि पार्वती दोघेही नंदीवर स्वार आहेत. मुख्य पूजेची मूर्ती म्हणून असे रूप दुर्मीळ. त्या देवळात एक छोटा लेख आहे, कलचुरी राजा विजयसिंहाच्या काळातला, म्हणजे त्रिपुरीच्या अगदी अखेरच्या राजवटीतला. त्यात वंशावळ नाही, जिंकलेले देश नाहीत, उपमा नाहीत. महाराणी गोसलदेवी, तिचा मुलगा विजयसिंह आणि राजकुमार अजयसिंह देवाला नमस्कार करतात, एवढेच आहे. पांड्य आणि वंगांना कापायला लावणाऱ्या घराण्याने शेवटी लिहिलेले हे गद्य मला त्यांच्या सगळ्या प्रशस्त्यांइतकेच थोर वाटते. पुढे सत्तेचे काय होणार याची चाहूल तिघांपैकी कुणाला होती की नव्हती, लेखात त्याचा मागमूस नाही. आई, मुलगा, नातू अशा क्रमाने तीन नावे आहेत. सिहोऱ्याजवळच्या गोसलपुराने यातल्या आजीचे नाव अजून चालू ठेवले आहे; जबलपूरहून कटनीकडे जाताना ते स्टेशन लागते.